तेरवीची गादी

नाही, मले एवढंच सांगा काका — घामानं ओलं झालेलं माणूस थंड फरशीवर झोपलं, तर तेवढ्यानं त्याले न्यूमोनिया होते का? होते का नाही, एवढंच. डॉक्टरले विचारलं, नर्सबाईले विचारलं, औषधाच्या दुकानात विचारलं — कोणी सांगत नाही. डॉक्टर म्हणे, पांढऱ्या पेशी कमी झाल्या होत्या, अशात इन्फेक्शन कुठूनही होते. मी म्हटलं, कुठूनही म्हणजे कुठून, फरशीतून? तर तो पुढच्या पेशंटकडे चालला गेला. जाऊ द्या. तुमी गादीवाले, तुमाले काय माहीत असणार. पण दिवसभर तुमच्यासमोर लोकं झोपायच्याच गोष्टी करतात, कोणी तरी काही बोललं असन, म्हणून विचारलं.

हं — तो दानाचा सेट नका बांधू. ठेवून द्या पुन्हा वर. माहं भादरलेलं डोकं पाहून तुमी बरोबर ओळखलं, बहिणीची तेरवी आहे उद्या, शय्यादान करायचं आहे. गेलेल्या माणसाच्या नावानं गुरुजीले गादी, उशी, चादर, पांघरूण द्यायचं, म्हणजे तिकडे त्याले आडवं व्हायले जागा भेटते — मी तुमालेच काय सांगून राहिलो, तुमच्याकडे आठवड्याले चार जण येत असतीन. पण तो सेट मले नाही पाहिजे. मघाशी तुमी पाणी प्यायले गेले तेव्हा बोट घालून पाहिलं मी. कापूस नाही त्यात, चिंध्या आहेत. चादर अशी कडक, कागदासारखी. अन् ह्या कोपऱ्यावर पाहा — हे काय आहे? हळद आहे. हळदीचं बोट आहे. म्हणजे हे गादी पहिलेच कोणाच्या तरी नावानं देऊन झाली, गुरुजीनं ते तुमाले वापस दिली, तुमी पुन्हा पिशवीत भरली. नाही, मी भांडत नाही. मले गुरुजीनंच सांगितलं. आमच्या शेंदूरजनाघाटचे चिंतामण गुरुजी, सरळ माणूस आहे, लपवत नाही. म्हणे, दोन खोल्यांचं घर माझं, महिन्याला पाच गाद्या येतात, छताला टांगू का? बरोबर आहे त्याईचं. मी इतकंच म्हणतो, ह्या एका गादीवर तिकडे आतापर्यंत किती जण झोपले असतीन? दाटीवाटीनं.

मले झोपायची गादी पाहिजे. खरंच झोपायची. रात्री ज्याचं आंग एका घंट्यात तापते अन् दुसऱ्या घंट्यात बर्फ होते, अशा माणसाले सहन होईन अशी. दानाले एवढं कोण पाहते — असंच म्हणून राहिले ना तुमी मनात? म्हणा. बाबाही तेच म्हणे. बाबा म्हणजे भगवंतराव, संत्र्याच्या बागेवाले, तुमी ओळखत असान. म्हणे, शिवम, जे भेटन ते आण अन् लवकर ये, घरी माणसं बसली आहेत. पण मी मागच्या वेळीही लवकरच केलं होतं काका. मागच्या वेळी मी अर्ध्या घंट्यात गादी घेऊन दुकानातून निघालो होतो. म्हणून आज मी लवकर नाही करत. तुमाले दुकान बंद करायचं असन तर तसं सांगा.

माही बहीण, आचल. एकतीसची होती. गावातल्या शाळेत चवथीले शिकवे. आई गेली तेव्हा मी सहावीत होतो, तेव्हापासून डबा तिचा, कपडे तिचे, मारही तिचाच. मी नववीत नापास झालो तर बाबानं काहीच नाही म्हटलं, ताई मात्र दोन दिवस जेवली नाही. पाहुणे आले पाहायले तर म्हणे, आधी हा दहावी होऊ द्या. मी काही दहावी झालो नाही अन् तिचं लग्न राहून गेलं. आता मी संत्री भरतो, पेट्या. व्यापाऱ्याच्या शेडमध्ये. चांगली भरतो, माह्या हातची पेटी दिल्लीले जाऊन उघडली तरी एक फळ सडकं निघत नाही. ओलं फळ भरत नाही मी. पेटीत अंथरायचं तणस कोरडं पाहिजे, फळाले वारा लागला पाहिजे, प्लास्टिकात बांधलं की आतल्या आत तापून मरते माल. हे मले झोपेतून उठवून विचारा. हे मले तिच्याच वेळी कसं नाही आठवलं? आठवलं नाही. संत्री अन् माणूस एकच आहे, असं कोणाच्या डोक्यात येते.

ते उचला बरं, ते निळं पांघरूण. नाही, हे मखमलीसारखं आहे, हे नकली सूत आहे. घाम पीत नाही. बाजूले ठेवा.

दसऱ्यानंतर सुरू झालं तिचं. दिवसा शाळेत जाये, संध्याकाळी कणकण, अन् रात्री ताप. मंग मध्यरात्रीनंतर असा घाम फुटे की केसातून पाणी गळे. आता तुमी सांगा, आपल्याकडे घाम आला म्हणजे काय म्हणतात? ताप उतरला म्हणतात ना? आमीही तेच म्हटलं. रोज सकाळी बाबा ओसरीतून विचारे — आला का घाम? मी म्हणो — आला, भल्ला आला. बाबा म्हणे — चला, सुटली. अन् मी चहा मांडो. महिनाभर आमी तिच्या घामाचा आनंद केला काका. मी तर काय करो, माहितीये? ताप चढला की घरातल्या साऱ्या दुलया तिच्या अंगावर टाको, वरून सतरंजी टाको, खिडकी लावो, म्हणजे घाम लवकर यावा. ताई आतून म्हणे, शिव्या, दम कोंडते रे. मी म्हणो, चूप पड, घाम येऊ दे. अन् घाम आला की मी खुश. मोठं काम केल्यासारखा. ताप पळवला म्हणे मी. ताप कुठला पळते. तो घामच आजार होता. मानेत गाठी निघाल्या तेव्हा अमरावतीले नेलं, तपासण्या झाल्या, तिथली डॉक्टरीण म्हणे, रात्री कपडे भिजेपर्यंत घाम येतो हे तुम्ही आधी का नाही सांगितलं? आता काय सांगू तिले. आमी सांगितलं नाही कारण आमाले ते चांगलं लक्षण वाटलं.

थांबा, हे गादी दाखवा. हे कापसाची आहे ना? दाबून पाहू द्या. नाही काका, लय ठासून भरलेली आहे, दगड झाली आहे. वाराच नाही आत. पिंजून सैल भरून देता का आज? कापूस तुमचाच, एक गादी, पातळ, चार बोटं जाड. हो, थांबतो मी. तुमच्या मागच्या मशीनवर पिंजून होईन ना घंट्याभरात? तर मंग करा. अन् कापूस मले दाखवा आधी. सरकी नको त्यात, सरकीचा एक तुकडा राहिला तरी पाठीले टोचते. तिची पाठ शेवटी शेवटी अशी झाली होती का चादरीची घडी पडली तरी वळ उठे.

कॅन्सरच्या सुया सुरू झाल्यावर घाम वाढला. आमच्या घरच्या गादीचं काय होतं, कापसाची जुनी गादी, घाम पिऊन घे, पण सकाळी उचलली तर ओल्या पोत्यासारखी जड. थंडीचे दिवस, ऊन कोवळं, अंगणात दिवसभर टाकून वाळे नाही. संध्याकाळी तेच ओलसर गादी पुन्हा. वास मारे. ताईले वासाची लय शिसारी. म्हणे, शिव्या, मी माह्यावरच झोपून राहिली असं वाटते. हसत म्हणे. मले ते सहन नाही झालं. मी असाच आहे काका, मले काही सहन नाही झालं की मी उठतो अन् काही तरी करून टाकतो, विचार मागून येते. उठलो, गाडी काढली, मोर्शीले गेलो, एका मोठ्या शोरूममध्ये शिरलो. म्हटलं, पेशंटले घाम येते, गादी भिजते, न भिजणारी दाखवा. अर्ध्या घंट्यात फोमची गादी, त्याच्यावर रेक्झिनची खोळ, चेनवाली, अन् वरून पांघरायले ते जाड, मऊ, वाघाचं चित्रवालं ब्लँकेट. त्या माणसाची काही चूक नाही, मी जे मागितलं ते त्यानं दिलं. मीच म्हटलं न भिजणारी. गादी भिजू नये म्हटलं मी. ताई भिजू नये असं नाही म्हटलं.

घरी आणली तर ताई पलंगावरून पाहून म्हणे, हे काय आणलं बापा? मी म्हटलं, हे गादी माणसाचा आकार ध्यानात ठेवते. ते म्हणे, माह्या पोराईले सातचा पाढा ध्यानात राहत नाही, गादीले काय राहणार. मंग हात फिरवला तिनं. म्हणे, छान आहे रे. लय छान आहे. पहिल्या सकाळी मी विचारलं, झोप लागली का? म्हणे, हो, ढाराढूर. गादी पाहिली तर कोरडी. पुसल्यासारखी कोरडी, चकचकीत. मी बाबाले दाखवली, शेजाऱ्याईले बोलावून दाखवली. शेडवर साऱ्याईले सांगितलं, गादी बदलली अन् घामच बंद झाला. इतका मूर्ख मी. ते पुसल्यासारखी नव्हती काका, पुसलेलीच होती. तिनंच पुसली होती.

काय म्हणता? नाही, चहा नको. बरं, घेतो अर्धा.

मले ते कसं समजलं, सांगतो. आठवडा झाला असन. मले त्या दिवशी पहाटे चारले जायचं होतं, गाडी भरायले. उठलो, दिवा लावला, तर ताई पलंगावर नाही. खाली. शहाबादी फरशीवर, भिंतीले लागून, आपल्या जुन्या सोलापुरी चादरीवर, कुशीवर, पाय पोटाशी घेऊन. अन् पलंगावरच्या रेक्झिनवर टॉवेल पसरलेला. तिचं रोजचं ठरलेलं होतं. ताप चढला, आंग पेटलं की ते हळूच खाली उतरे, फरशी थंड लागे, बरं वाटे. घाम येऊन गेला की हुडहुडी भरे, मंग ते चादर आंगाभोवती घे. अन् आमी उठायच्या आधी गादी पुसून, टॉवेल दोरीवर टाकून, पुन्हा वर चढून झोपल्याचं सोंग घे. डिसेंबरच्या थंडीत. आंगात जीव नाही, पलंगावर चढायले तिले पाच मिनिटं लागत असतीन. काहून? तर मी गादी हौसेनं आणली म्हणून.

म्हणून मी विचारतो, फरशीनं होते का? तुमीही तेच म्हणता ना — थंडीच बाधली असन. हो. मीही लोकाईले तेच सांगतो. बाराही दिवस हेच सांगून राहिलो, जो येईन त्याले. म्हणतो, ताई फरशीवर झोपे, कोणाले न सांगता, त्यानं छाती भरली. अन् लोकं म्हणतात, काय बाई करून घेतलं तिनं. तिनं. ऐकलं तुमी? तिनं करून घेतलं. असं झालं आता गावात. मी तोंड उघडून पुढचं सांगत नाही, म्हणून असं झालं.

पुढचं असं आहे का — फरशीवर झोपे तोवर तिले खोकला नव्हता. एक ठसकाही नव्हता. काही नव्हतं.

मी तिले त्या पहाटे उचललं. हलकी झाली होती, पेटी एवढी. उचललं अन् ओरडलो. काय काय बोललो ते नका विचारू. म्हटलं, एवढी धावपळ करून आणली, तुले काही किंमत आहे का? म्हटलं, मरायचं असन तर सांग तसं. हो, हे म्हटलं मी. बाबा उठून आला, म्हणे, काय झालं बे? ताई म्हणे, काही नाही बाबा, मी पडली होती खाली, ह्यानं उचललं. मले वाचवलं तिनं. मंग मी काय केलं, माही खाट आणली अन् तिच्या पलंगाले चिकटून आडवी लावली. एका बाजूले भिंत, एका बाजूले मी. उतरायले जागाच नाही ठेवली. अन् ते वाघाचं ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढून दोन्हीकडून गादीखाली खोचलं. म्हटलं, आता उतरून दाखव. चार राती. चार राती मी तिचा पहारा केला, अन् पहारा काय करणार, दिवसभर पेट्या उचललेलं माणूस, पडलो की मेलो. ते कितीदा पेटली, कितीदा भिजली, कितीदा गारठली, मले काही माहीत नाही. मी हाताच्या अंतरावर होतो. मले हात लावून उठवलं असतं तरी झालं असतं. नाही उठवलं. एकदा मीच कूस बदलताना विचारलं, बरं आहे ना? ते म्हणे, हो रे, झोप तू. आवाजात दात वाजून राहिले होते. मले ऐकू आले ते. ऐकू आले अन् मी झोपलो.

पाचव्या दिवशी खोकला. आठव्या दिवशी अमरावती. मशीन, नळ्या. अकराव्या दिवशी गेली.

आता सांगा. फरशी का गादी?

नका सांगू. राहू द्या. तुमाले नाही माहीत. कोणालेच नाही माहीत, का माहीत असून सांगत नाहीत, काय माहीत.

तिची अंथरुणं गावाबाहेर टाकायची असतात ना, तशी नेली मी. बाकीचं टाकलं, पण ते गादी टाकवेना. खिशात संत्री तोडायची कैची होती, त्यानं खोळ फाडली. फाडून आत हात घातला. काका, आत ते कोरडी होती. ठणठणीत. दुकानातून आली तशीच. एक थेंब नाही गेला आत. मंग तिचा सारा घाम, इतक्या रातींचा, गेला कुठं? कुठं जाईन, तिच्याच पाठीखाली राहिला. थारोळ्यात झोपली ते. अन् ते गादी आपली आकार ध्यानात ठेवत बसली. मी तिथंच बसून राहिलो, मले न्यायले माणसं आली.

हं. कापूस दाखवता? आणा. हो, हा चांगला आहे, पांढरा आहे, हलका आहे. ह्याचीच भरा. अन् टाके लांब लांब घाला, लय दाबू नका.

तुमाले वाटत असन, हा एवढा छळून राहिला अन् परवा गुरुजी हेच गादी पिशवीत घालून माह्याच दुकानात आणून टाकीन. नाही आणणार. मी पक्कं करून आलो. परवा साहित्याची यादी आणायले गुरुजीच्या घरी गेलो, तर गुरुजीच्या घरच्या, गोदावरी काकू, अंगणात बसल्या होत्या अन् वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेऊन राहिल्या होत्या. जानेवारीत. तोंड लालबुंद. मी पाहतच राहिलो. तर थोड्या वेळानं त्याईनंच शाल मागितली आतून. मी विचारलं, काकू, ताप आहे का? म्हणाल्या, "ताप कसला रे, वय झालं, आता हे असंच. रात्री तर वाफा निघतात अंगातून, पांघरूण फेकते, अन् डोळा लागतो न लागतो तोच कुडकुडत उठते. गुरुजींना वाटतं मी नाटक करते." मी तिथंच पायरीवर बसलो. म्हटलं, काकू, गादी कशाची आहे तुमची? म्हणाल्या, काथ्याची, त्याच्यावर प्लास्टिक. प्लास्टिक काहून? तर म्हणे, नातू मुततो. मी म्हटलं, मी तेरवीले जे देईन ते वापस नका पाठवू, त्याच्यावर तुमी झोपा. त्या म्हणाल्या, "देणाऱ्यानं असं सांगायचं नसतं रे बाळा." मी पायरीवरून उठलोच नाही. माह्याकडे पाहिलं त्याईनं. मंग म्हणाल्या, "बरं. झोपीन." गुरुजी आतून म्हणाले, चांगलंच आहे, झोपणाऱ्याच्या पाठीला जे लागतं तेच तिकडे त्या जिवाच्या पाठीला लागतं. हे त्याईच्या पोथीत आहे का त्याईनं मले बरं वाटावं म्हणून म्हटलं, मले माहीत नाही. मी नववी नापास माणूस, मले विश्वास ठेवायले काय लागते. पण समजा खरं असन तर? तर ह्या वेळी चुकून नाही चालणार ना काका. ह्या वेळी खरंच कोणी तरी झोपणार आहे. पेटणार आहे, भिजणार आहे, गारठणार आहे. दोन बाया आहेत आता ह्या गादीवर.

चादरी दाखवा. सुती. दोन नको, चार द्या. एक भिजली का ओढून काढायची, खाली दुसरी कोरडी तयार पाहिजे, अंधारात शोधत फिरायले नको. नाही, हे नवी आहे, हिच्यात खळ आहे, खळ असली का पाणी पीत नाही, घाम वर तरंगते. तुमच्याकडे धुतलेली असन ना? गिऱ्हाइकाले दाखवायची, गाद्यांवर टाकून ठेवता ती. जुनी चालते. ते खिडकीपाशी सुकत घातलेली आहे ना, फिकी, ते द्या. अन् ह्या तीन मी घरी नेऊन रातीच्या राती दोन पाण्यातून काढतो. पांघरायले एक जाड नको, पातळ पातळ तीन द्या — एक फेकलं, एक राहिलं, गारठलं तर तिसरं ओढलं. माणसानं स्वतःच्या हातानं ओढावं, स्वतःच्या हातानं फेकावं. कोणी खोचू नये. उशी सावरीची द्या, ते डोक्याले थंड राहते. अन् एक पंचा, पाठीखाली घालायले, तो मी तुमच्याकडून नाही घेत, तो घरी आहे, ताईचाच आहे, मऊ झालेला.

झाली का गादी? एवढ्या लवकर? टाका बरं त्या लाकडी पलंगावर. चादर टाका, ते फिकी. पांघरूण इथं पायाशी. आता मले एक तांब्याभर पाणी द्या. प्यायले नाही. द्या ना. काही करत नाही, तुमचा माल खराब होणार नाही, अन् झाला तरी माहाच आहे.

थंड आहे पाणी. बरं आहे, थंडच पाहिजे. शर्ट पाठीपर्यंत ओला झाला का पाहा बरं. हो, तुमी पाहा, मले मागचं दिसत नाही. मान ओली झाली, कमरेपर्यंत झाला? बस. आता तो पंखा लावा. लावा काका. मले पाहू द्या ना, घामानं भिजलेलं माणूस ह्याच्यावर पडलं तर त्याले काय होते. कोणी सांगत नाही तर मीच पाहतो. लोकं पाहतीन? पाहू द्या. त्याईले म्हणा, गिऱ्हाईक आहे, माल पाहून राहिलं.

हं. पडलो. आता गार लागते — एकदम गार लागते, कण्यातून. थांबा. बोलू नका घडीभर. पाणी जाऊन राहिलं खाली. चादर ओढून राहिली. पाठ चिकटत नाही. कुशीवर होऊन पाहतो. हे पांघरूण एकच ओढतो. हं. अजून दात नाही वाजून राहिले. माहा हात धरा बरं, काटा आला का पाहा. नाही ना? खांद्याले ऊब येऊन राहिली. खालची पाठ अजून गार आहे, तिले वेळ लागन. वेळ लागू द्या. पूर्ण वाळेपर्यंत पडतो मी, अर्ध्यातून उठलो तर काय समजणार. तुमी बसा तिकडे, गल्ल्यावर. बाबाचा फोन आला तर उचलू नका. हाताच्या अंतरावर मले कोणी नको आता. जा.